खालच्या फळीवरचं चाक

बाझेल,
३ जून १९६४

चि. एमरेन्झ हिस,
अनेक आशीर्वाद.

सत्तरी गाठलेल्या बहिणीला चिरंजीव लिहिताना हसू येतं. पण मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा आहे, आणि तो मान काही मी सोडणार नाही. तुझं पुडकं पोचलं. त्यातलं लोणी वाटेतच वितळलं आणि निम्मं पत्र त्याने खाल्लं. उरलेल्या निम्म्यात तू मला दोनदा म्हातारा म्हटलं आहेस, तेव्हा बरंच झालं म्हणायचं.

क्लारा माझं सगळं मायेनं करते. जावई रसायनांच्या कारखान्यातून आला की आधी हात धुतो आणि मग बाबा, आजची हवा कशी वाटली, असं विचारतो. इथे हवा असती तर सांगितलं असतं. परवा मी क्लाराला म्हटलं, गवत कापणीच्या दिवसांत आपण करतो तसं चीजचं सॅलड कर. तिने केलं. बशीत नुसती हिरवी पानं, आणि त्यांच्याखाली चिजाचे चार तुकडे चोरासारखे लपलेले. मी म्हटलं, पोरी, गाईचं पान चुकून माझ्यापुढे आलं का? ती हसली आणि मग रडायला लागली. हल्ली ती कशानेही रडते.

ती का रडते ते सांगतो. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, आतड्यात गाठ आहे. आत्ता कापली तर निघेल, हिवाळ्यापर्यंत थांबलात तर तिला हात लावता येणार नाही. सहीसाठी कागद दिला आहे. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. परक्या गावात, परक्या पलंगावर पोट फाडून घ्यायचं कशासाठी? पंचाहत्तर वर्षं पुरे झाली. क्लाराची आई आन्ना केव्हाच पुढे गेली. माझी सगळी तयारी झालेली आहे. क्लारा जन्मली त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात मी स्वतःच्या हाताने केलेलं चिजाचं चाक तळघरात खालच्या फळीवर आहे. आपल्या बाबांना पोचवून आल्यावर गावाने बाबांचं चाक खाल्लं, तसं माझं खातील. ज्याचं चाक तयार, तो माणूस तयार.

तेवढं दर महिन्याला मिठाच्या पाण्याच्या फडक्याने पुसत जा आणि उलटवत जा. सालीवरच्या घराच्या खुणेच्या तीन रेघा आणि त्यांच्याखालचा माझा क्रूस झिजू देऊ नकोस.

आणि हो, यंदा कापणीला सॅलड करशील तेव्हा चीज बोटाएवढं जाड काप. तुझ्या त्या चकत्या खिडकीला लावल्या तर पलीकडचं शिखर दिसेल.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा भाऊ,
योडर


ओबरमाटन,
११ जून १९६४

ती. योडरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टाच्या पिवळ्या बसने काल आलं. ड्रायव्हरने स्वतः दारात आणून दिलं आणि तुझी तब्येत विचारली. मी सांगितलं, तब्येत नाजूक आहे पण तोंड ठणठणीत आहे.

आता सॅलडचं. जाड तुकड्यांना व्हिनेगर लागत नाही, ते नुसतंच त्यांच्या अंगावरून वाहून जातं, तुझ्या अंगावरून शहाणपण वाहून जातं तसं. पातळ चकती कांद्याला धरते, मोहरीला धरते. आपण लहान असल्यापासून मी हे तुला सांगते आहे. आईसुद्धा पातळच कापायची. तू तिला घाबरून काही बोलायचा नाहीस आणि मग माझ्यापुढे नाकाने कांदे सोलायचास.

कामिल आणि त्याची बायको एल्सबेट वरच्या मजल्यावर सुखात आहेत. आपल्या थोरल्या भावाचा मुलगा एवढा हसतमुख कुणावर गेला कोण जाणे. एल्सबेट सपाटीवरची, सफरचंदांच्या मुलखातली, त्यामुळे उतारावर अजून हात पसरून चालते. पण कामाला वाघ आहे. तुझं चाक मी पुसलं, माझंही पुसलं. तुझं खालच्या फळीवर, माझं वरच्या. माझ्या क्रूसाशेजारचा ठिपका अजून स्पष्ट दिसतो. तुझं चाक पुसताना मात्र, दादा, माझा हात चालेना.

तू तयार झालास हे वाचलं. माझ्या तयारीचं काय? वरची दोघं आपली चूल वेगळी ठेवून आहेत, ते बरोबरच आहे. तू बाझेलला गेल्यापासून खाली मी एकटी. रोज रात्री टेबलावर दोन बशा मांडते आणि एक कोरडीच उचलून ठेवते. सवय आहे, दुसरं काय. मला तू हवा आहेस. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस. त्या कागदावर सही कर.

क्लाराला आशीर्वाद. तिच्या पानांना हसू नकोस, मुलगी आहे म्हणून तुझं ऐकून घेते.

मोठ्या भावाने लहान बहिणीवर ठेवावा तेवढा लोभ ठेव, रागावलास तरी.
तुझी,
एमरेन्झ


बाझेल,
२ जुलै १९६४

चि. एमरेन्झ हिस,
आशीर्वाद.

सही करणार नाही. विषय संपला.

आता पुढचं नीट वाच. मला पोचवून आल्यावरच्या जेवणाला चीज मात्र पातळ कापू नका, निदान त्या दिवशी तरी माझं ऐका. राय धान्याचा पाव आदल्या आठवड्याच्या भट्टीतला असू दे, ताजा पाव लोक दाबून खातात आणि चीज उरतं. वाइन गावच्या पिंपातली. अल्फोन्सला वाइनच्या जवळ बसवू नका. पाटाच्या पाण्यावरून सबंध जन्म माझ्याशी भांडला, त्याला माझ्या चाकाचा एक तुकडा द्या, तोही कडेचा. गाण्याला मोरित्झ असेलच, पण घंटा ओढता ओढता त्याला सूर सापडत नाही. मी नसल्यावर चर्चमधल्या गाण्याचं काय होणार ही एक काळजी उरते.

क्लारा रोज तो कागद माझ्या कॉफीच्या कपाखाली ठेवते. मी कप उचलतो, कॉफी पितो, कप परत कागदावर ठेवतो. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टच्या आत काय ते ठरवा. मी म्हटलं, ठरलेलंच आहे.

तुझ्या बशांबद्दल वाचलं. दोन मांडत जाऊ नकोस. उगाच जिवाला लागतं.

लोभ कमी झालेला नाही, हे ध्यानात ठेव.
योडर


ओबरमाटन,
२२ जुलै १९६४

ती. योडरदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. जवळ पाण्याचा पेला ठेव.

काल आपल्या उतारावरचं गवत आत आणायचं होतं. कामिलने कापलेलं, दोन दिवस उन्हात पडलेलं. सकाळीच पलीकडच्या शिखरावर काळा ढग येऊन टेकला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण कामिल, एल्सबेट आणि मी, तिघांच्याने ते दुपारपर्यंत उरकणारं नव्हतं. तेवढ्यात खालून अल्फोन्स दाताळं घेऊन वर आला. मग मोरित्झ. मग त्याची बायको, पोस्टातली बाई, दोन्ही गिरणीवाले. कुणीही बोलावलेलं नव्हतं. योडरचं गवत भिजता कामा नये, एवढंच जो तो म्हणत होता. शेवटची पेंढी कोठारात गेली आणि मग पाऊस आला.

आता एवढी माणसं दमून कोठारात बसली, त्यांना खायला काय घालू? आपलं नेहमीचं चाक संपत आलेलं, आणि यंदाचं चीज अजून वर कुरणातच आहे. मी एल्सबेटला तळघरात पिटाळलं. तिथला दिवा गेलेला. पोरगी एक चाक छातीशी धरून वर आली. त्यावर सुरीचा ओरखडाही उठेना. कामिलने सुताराचा रंधा धुऊन आणला आणि त्याने तासायला सुरुवात केली, तेव्हा मधासारख्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. वास असा की गिरणीवाल्यांनी बोलणं थांबवलं. मी दुधाच्या मोठ्या लाकडी परातीत उकडलेले बटाटे कापले, कांद्याच्या कड्या, व्हिनेगरमधल्या काकड्या, अंडी घातली. वर ते सगळे पापुद्रे. मग व्हिनेगर आणि मोहरी कढत रश्श्यात फेटून ओतली, म्हणजे जुनं चीज नरमतं, आणि शेवटी अक्रोडाचं तेल. बटाटे नावाला, सगळं चीजच चीज. लोक अक्षरशः तुटून पडले.

निम्मी परात संपली तेव्हा अल्फोन्सने खाली पडलेली साल उचलली. अंगठ्याने घासली. तीन रेघा आणि त्यांच्याखाली क्रूस. त्याने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढली. निम्मा घास तोंडात, निम्मा बशीत, आणि कुणाला गिळवेना. एल्सबेटला रीत ठाऊक नव्हती. पोस्टातल्या बाईने तिच्या कानात सांगितलं, तेव्हा तिने आपली बशी परातीशेजारी ठेवून दिली.

शेवटी अल्फोन्सनेच तोंड उघडलं. म्हणाला, योडरचं चाक टाकून देता येत नाही, तेव्हा खायलाच हवं, आणि खायचं तर रीतीने, म्हणजे प्रत्येकाने त्याच्याबद्दल काहीतरी बोलायला हवं. तू जिवंत आहेस हे मी सांगितलं. तो म्हणाला, असू दे, त्याला काही आपलं ऐकू जाणार नाही.

मग सुरू झालं. अल्फोन्स म्हणाला की योडर पाटाचं फळकूट नेहमी उशिरा बंद करायचा, माझ्या पाळीतलं पाणी खायचा, पण माझी बायको आजारी होती त्या उन्हाळ्यात माझं कुरण रोज सकाळी भिजलेलं असायचं आणि कुणी भिजवलं हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही. मोरित्झ म्हणाला की योडर जन्मभर चर्चमध्ये बेसूर गात आला, पण तो नसला की वरच्या बाकांवर गार वाटतं, म्हणून कुणी त्याला सांगितलं नाही. पोस्टातली बाई बोलता बोलता रडली. कामिल नुसता रंधा पुसत राहिला.

परात पार पुसून खाल्ली, दादा. तुझं चाक संपलं. मला आता जे बोलायचं ते बोल, पण एल्सबेटला काही बोलू नकोस, ती काल रात्रीपासून जेवलेली नाही.

लोभ उरला असेल तर कळव.
एमरेन्झ


बाझेल,
२७ जुलै १९६४

एमरेन्झ,

आज आशीर्वाद वगैरे काही नाही. एकतीस वर्षांचं चाक! मी ते स्वतः दाबलं, स्वतः उलटवलं, पाठीवर बांधून खाली आणलं. आणि तुम्ही ते कांदे-काकड्यांत घालून गवताच्या कोठारात बसून संपवलंत! मी इथे कॉफी पीत असताना तिकडे माझं जेवण उरकलं! मला एक तुकडासुद्धा नाही!

आता सरळ उत्तरं दे. अल्फोन्सने दुसऱ्यांदा वाढून घेतलं का? घेतलंच असणार. पाण्याचं त्याला कुणी सांगितलं? मी बेसूर गातो हे मोरित्झने सांगावं? घंटेचा दोर ओढताना ज्याचा स्वतःचा तोल जातो त्याने? पोस्टातली बाई का रडली? माझं तिच्याशी कधी चार शब्दांपलीकडे बोलणं नाही. नेमकं काय म्हणाली ते लिही. आणि पापुद्रे! रंध्याने! माझ्या चाकाच्या शेवटी पातळ चकत्याच झाल्या. तू जिंकलीस.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना क्लारा आत आली आणि मला हसताना बघून घाबरली.

पण मी आता करू काय, ते सांग. बिनचाकाचा माणूस मरेल कसा? लोक मला पोचवून घरी येतील आणि त्यांच्यापुढे काय ठेवाल, बाझेलच्या दुकानातलं कागदात गुंडाळलेलं चीज? माझ्या नावाने? अल्फोन्स त्यावरही टोपी काढेल आणि मनात हसेल. ते मला मेल्यावरही सहन होणार नाही. नवं चाक करायला हवं, आणि ते जुनं व्हायला वर्षं लागतात. सुरी सहज चालली तर ते कसलं चाक!

म्हणून कॉफीच्या कपाखालचा कागद आज उचलला आणि सही केली. गुरुवारी कापणार आहेत. क्लारा पुन्हा रडली, पण वेगळं.

मला भीती वाटते, एमरेन्झ. गावात कुणाला सांगू नकोस.

एल्सबेटला सांग, काकाचा राग नाही. तिने जेवावं.

लोभ आहे. नसता तर हे सगळं सांगितलं कुणाला असतं?
योडर


बाझेल,
१ ऑगस्ट १९६४

ती. एमरेन्झआत्यास,
सा. न. वि. वि.

गाठ निघाली. सगळी निघाली, असं डॉक्टर म्हणतात. बाबा अशक्त आहेत पण शुद्धीवर आहेत. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी मला ओळखलं आणि मग नर्सला विचारलं की इथे राय धान्याचा पाव मिळतो का. तिने रव्याची पेज आणून दिली. तेव्हापासून ते इस्पितळावर रागावलेले आहेत, म्हणजे काळजी नाही.

आत्या, मी दोन महिने हात जोडले, तुमच्या सॅलडने एका परातीत काम केलं. पुढच्या उन्हाळ्यात मला ते शिकवा, पानांशिवाय.

तुमचा लोभ आम्हा दोघांवर असाच राहो.
क्लारा


ओबरमाटन,
९ ऑगस्ट १९६४

ती. योडरकाकांना,
एल्सबेटचा सा. न. वि. वि.

तुम्ही बरे होत आहात हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही माफ केलंत हे आत्यांनी सांगितलं, तरी मला स्वतः लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे चीज आणलं की खातात. कुणाच्या नावाने राखून ठेवतात हे मला ठाऊक नव्हतं.

पण काका, मी हाताला लागेल ते उचललं नाही. आत्या स्वतः पायऱ्यांवर कंदील घेऊन उभ्या होत्या. वरच्या फळीवरचं जवळ होतं म्हणून मी आधी तेच धरलं. आत्या म्हणाल्या, ते नको, खालचं घे. मी विचारलं, ठिपका नसलेलं, नुसत्या क्रूसाचं का? त्या म्हणाल्या, हो, तेच. बिचाऱ्यांची नजर आता अधू झाली असेल. त्यांना यातलं काही लिहू नका, उगाच वाईट वाटून घेतील.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची सून,
एल्सबेट


बाझेल,
३० ऑगस्ट १९६४

चि. एमरेन्झ हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी कान धरून.

काल मला घरी सोडलं. पोटावर टाके असल्यामुळे हसायला मनाई आहे आणि नेमकं आत्ताच हसू आवरत नाही. एल्सबेटचं पत्र आलं होतं. तिने तुझी बाजू घेण्यासाठी लिहिलं की आत्यांची नजर अधू झाली आहे. तुझी नजर! पलीकडच्या उतारावर कुणाची गाय लंगडते ते तू स्वयंपाकघरातून सांगतेस. दिवा गेलेला होता, खरं. पण कंदील तुझ्या हातात होता, हे लिहायचं तू विसरलीस. पोरीने वरच्या फळीवरचं चाक धरलं होतं आणि तू तिला खाली वाकायला लावलंस.

आणि ती बिचारी रात्रभर उपाशी राहिली. त्याबद्दल तिची माफी तू मागायचीस, मी नाही.

मला राग यायला हवा होता. खूप शोधला, सापडला नाही. तुला म्हटलं होतं, विषय संपला. तू वाद घातला नाहीस, फक्त माझ्या हातातलं तिकीट काढून घेतलंस. आई तुला उगाच लबाड म्हणत नव्हती.

आता माझं ऐक. वरच्या कुरणातून गाई खाली येतील त्या शनिवारी क्लारा मला बसने आणते आहे. माझं नवं चाक पिकेपर्यंत मी बिनचाकाचा ताटकळणार आणि तू मात्र वरच्या फळीवर चाक ठेवून तयार होऊन बसणार, हा अन्याय आहे. एवढी वर्षं मी थांबायचं आणि मध्येच तू उठून चालती व्हायचीस, हे चालणार नाही. मला घरी आणलंस ना, मग आता मला त्या टेबलाशी एकटा सोडायचं नाही. ठिपकेवालं चाक काप. त्याचं सॅलड परातीत दिसलं तरच मी बसमधून उतरेन. नाहीतर ड्रायव्हरबरोबर तसाच परत जाईन.

अल्फोन्सलाही बोलाव. त्याला वाइनच्या जवळ बसू दे.

लोभ होता तेवढाच आहे, मात्र विश्वास थोडा कमी झाला आहे.
योडर


ओबरमाटन,
९ सप्टेंबर १९६४

ती. योडरदादास,
सा. न. वि. वि.

हो, मीच खालचं घ्यायला सांगितलं. तुझं चाक कापायची वेळ यायचीच असेल, तर ते तू टेबलाशी बसलेला असताना कापावं, असं मला वाटलं. तू टेबलाशी नव्हतास, तेवढी एक चूक झाली. पुढे काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. तू सही केली नसतीस तर मी काय केलं असतं, याचा विचार करून अजून हातपाय गार पडतात.

एल्सबेटची माफी मागितली. ती आधी चिडली, मग एवढी हसली की कामिल वरून धावत आला. आता ती मला आत्या म्हणताना जरा जपून असते.

पोस्टातल्या बाईचं तू विचारलं होतंस. ती म्हणाली, तू टपाल न्यायला आलास की पत्र आलं नसलं तरी आभार मानायचास. बस, एवढंच.

कामिल मागच्या आठवड्यात वरच्या कुरणात जाऊन आला. गवळ्याने आपल्या गाईंच्या दुधाची दोन चाकं वेगळी केली आहेत. एकावर तीन रेघा आणि क्रूस, दुसऱ्यावर शेजारी ठिपका. अजून ओली आणि मऊ आहेत, बोट दाबलं तर रुततं. तळघरात मी दोघांना एकाच फळीवर जागा केली आहे. कोण आधी, कोण नंतर, याचा घोळच नको.

माझं चाक कामिलने आज टेबलावर आणलं. जाड कापायचा मी मनापासून प्रयत्न केला, तुझी शपथ. सुरीचं टोक मोडलं. तेव्हा शनिवारी रंधाच चालेल आणि पापुद्रेच खावे लागतील. बटाटे मात्र तुझ्या बोटाएवढे जाड कापते.

बशा मांडून ठेवल्या आहेत. या वेळी दोन्ही लागतील.

बसमधून सावकाश उतर, आणि लोभ समोर बसून कर.
तुझी,
एमरेन्झ